बारावं घरटं

पिल्लांना चारा घेऊन आलेली मादी पांढऱ्या पोटाची होती.

मी दुर्बीण खाली घेतली, शर्टाच्या टोकानं काच पुसली आणि पुन्हा डोळ्यांना लावली. एका वठलेल्या गर्जन वृक्षाच्या बुंध्यात, माझ्या खांद्याच्या उंचीवर ढोली होती. माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर. सकाळचे आठ वाजले असतील. मादी ढोलीच्या कडेवर बसली, चोचीतली अळी आत दिली, शेपूट एकदा वर उडवली आणि निघून गेली. थोड्या वेळानं नर आला. त्याचं पोट राखी होतं, त्या बेटावरच्या प्रत्येक श्यामेचं असतं तसं. त्यानंही आत चोच घातली. आतून तीन पिल्लांचा चिवचिवाट झाला.

शेजारी अंकल उकिडवे बसले होते. त्यांचं लक्ष पक्ष्यांकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"मी परवा पाहिलं," ते म्हणाले. "आधी वाटलं, डोळे म्हातारे झाले. म्हणून तुला आणलं."

मी वहीत तारीख घातली. १४ मे १९८७. त्याखाली झाडाची खूण लिहिली, नराचं वर्णन लिहिलं, मादीचं लिहिलं. दोन वर्षं ज्या कामावर घालवली ते काम त्या ढोलीत बसून चिवचिवत होतं.

हे काम काय होतं ते सांगायला हवं. अंदमानातल्या त्या बेटाला नकाशात कुणा इंग्रज कप्तानाचं नाव आहे; तिथली माणसं त्याला नुसतं छोटा टापू म्हणतात. समोर, चार मैलांच्या खाडीपलीकडे बडा टापू. दोन्हीकडे दाट जंगल आणि दोन्हीकडच्या जंगलात श्यामा हा पक्षी. काळं डोकं, लांब शेपूट आणि गळा असा की पहाटे एकदा ऐकला की माणूस हातातलं काम विसरतो. बड्या टापूवरच्या श्यामेचं पोट पांढरं, हे शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकांत नोंदलेलं होतं. छोट्या टापूवर मात्र कुणी अभ्यासक फारसा उतरलाच नव्हता. तिथल्या श्यामेचं पोट राखी आहे आणि गाणंही निराळं आहे, हे पहिल्यांदा माझ्या गुरूंच्या, डॉ. भार्गव सामंतांच्या, कानावर आलं तेव्हा ते साठीला टेकले होते. सरांनी आयुष्यभरात पक्ष्यांच्या अकरा उपजातींना नावं दिली होती. स्वतंत्र जात एकही नाही. त्यांचे पाय सुजत, बोटीचा प्रवास झेपत नव्हता. म्हणून त्यांनी मला धाडलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते.

प्रश्न साधा होता. हा पक्षी म्हणजे बड्या टापूवरच्या श्यामेचाच थोडा रंग बदललेला भाऊबंद, म्हणजे उपजात, की वेगळीच जात? त्या काळी आमच्या शास्त्रात एक कसोटी सगळ्यांत मोठी मानत: दोघं एकमेकांत मिसळतात का, त्यांची जोडी जमते का? मी टेपरेकॉर्डर घेऊन दोन्ही टापूंवर फिरले. इकडचं गाणं तिकडं वाजवलं, तिकडचं इकडं. सव्वीस वेळा. आपल्या हद्दीत परका नर गातोय म्हटल्यावर श्यामा चवताळून येते. पण दुसऱ्या टापूचं गाणं लागलं की दोन्हीकडचे पक्षी ढिम्म बसून राहत. कुणीतरी परक्या भाषेत बोलत असल्यासारखं. सरांना मी पत्रानं कळवलं. उलट टपाली त्यांचं पत्र आलं, त्यात 'जात' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आणि आता हे घरटं. बड्या टापूची मादी वाऱ्यावर भरकटून आली असेल, इथल्या नराशी तिची जोडी जमली होती आणि पिल्लं झाली होती. कसोटीच्या बरोबर उलट.

अंकलांचं खरं नाव सॉ ला पो. सॉ म्हणजे आपल्याकडच्या श्रीसारखं, पुरुषाच्या नावाआधी लावायचं; बाईच्या नावाआधी नॉ. ते कारेन जमातीचे होते. त्यांचे वडील १९२६ साली ब्रह्मदेशातून जंगल तोडून वस्ती करायला आलेल्यांपैकी एक. अंकलांचा जन्म छोट्या टापूवरचाच. बावीस घरं, एक छोटं चर्च, नारळ, सुपारी आणि पाठीमागे जंगल. जंगलखात्याच्या डोंगीवर, म्हणजे इंजिनाच्या होडीवर, ते नाखवा होते. खात्यानं मला सोबत म्हणून त्यांना दिलं, आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं की सोबत मी त्यांची होते. आमचं बोलणं हिंदीत चाले. ते मला बेटी म्हणत, मी त्यांना सगळ्यांसारखं अंकल.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण वहीत मी काय लिहिते याकडे बारीक लक्ष असे. एका सकाळी नाल्याकाठी मी मोजणी करून सात नर लिहिले. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. सहा, म्हणाले. मी म्हटलं, सातवा त्या बांबूच्या बेटात गात होता की. "ऐकला," ते म्हणाले. "पाहिला नाही." मी सातवा खोडून बाजूला वेगळा रकाना केला: ऐकलेले. त्यानंतर शेवटपर्यंत तो रकाना राहिला.

वठलेल्या गर्जनापाशी आम्ही नऊ दिवस बसलो. तिन्ही पिल्लं उडाली. मादी आणखी दोन दिवस दिसली, मग दिसेनाशी झाली.

आता यात जंगल कुठं आलं, तेही सांगते. टापूच्या दक्षिण अंगाला गर्जन आणि पडौकाची जुनी झाडं होती. दोघांनी हात पसरून कवेत न मावणारी. तो अर्धा भाग लाकूडतोडीसाठी द्यायचा, असं ठरत आलं होतं. सरांनी ओळखीपाळखीनं, अर्जविनंत्या करून ते प्रकरण एका सरकारी समितीपुढे नेलं. समितीचं उत्तर त्यांनी मला वाचायला पाठवलं होतं. भाषा सभ्य होती, मतलब स्पष्ट होता. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नसलेली स्वतंत्र जात ठरली तर तोडीचा फेरविचार करता येईल. नुसती उपजात असेल तर, महोदय, उपजाती बेटागणिक असतात.

जूनमध्ये मी पुण्याला परत आले आणि निबंध लिहायला बसले. मापं, रंग, गाण्याचे आलेख, सव्वीस प्रयोग. सगळं नीट जुळत गेलं. घरट्यांच्या परिच्छेदाशी आले आणि दोन दिवस तिथंच थांबले. तिसऱ्या दिवशी लिहिलं: 'अभ्यासकाळात एकूण अकरा घरटी पाहिली.'

बाराच्या जागी अकरा. एवढंच केलं मी. बाकी एक अक्षरही खोटं नव्हतं.

जंगलासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते खोटंही नव्हतं. पण निबंधाच्या डोक्यावर सरांच्या नावाशेजारी माझं नाव टाइप केलेलं होतं, आणि तो कागद मी संध्याकाळी उगाचच दोन-तीनदा काढून पाहत असे, तेही खरं आहे.

सरांना मी घरट्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी निबंध एका बैठकीत वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले की नाव तू सुचव, हा पक्षी तुझा आहे. मी तयारच होते. शास्त्रीय नावात माणसाचं नाव घालायचं तर त्याला लॅटिन शेपूट लावतात. सॉ ला पो यांच्या नावावरून लापोई. सरांनी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. चांगलं गोल नाव आहे, म्हणाले. आजवर किती साहेबांची, लाटसाहेबांच्या बायकांची नावं पक्ष्यांना चिकटली. एका नाखव्याचंही लागू दे.

डिसेंबरात काही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करायची होती. निबंध छापायला पाठवण्याआधी अंकलांना स्वतः सांगावं, म्हणून मी त्याची प्रत बरोबर घेतली.

त्यांचं घर खांबांवर उभं होतं, कारेनांची असतात तसं. जिन्याच्या चार पायऱ्या चढून गेलं की बांबूची ओसरी. दुपारची जेवणं झाली होती. अंकल भिंतीला टेकून बसले, त्यांची मुलगी नॉ म्या सेन सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल, वस्तीतल्या शाळेत नुकतीच शिकवायला लागली होती. मी म्हटलं, निबंधाच्या शेवटी एक गंमत आहे, ती शेवटी सांगेन. अंकल म्हणाले की मग सगळंच वाच, सुरुवातीपासून.

म्हणून मी वाचलं. एक वाक्य इंग्रजीतून डोळ्यांनी, मग तेच हिंदीतून तोंडानं. अंकल डोळे मिटून ऐकत होते. पिसांची वर्णनं आली तेव्हा मान डोलावत होते. मापं त्यांनी पुन्हा एकदा म्हणून घेतली. घरट्यांचा परिच्छेद मी जरा भरभर वाचला. मग शेवटाला आले आणि नावाचं सांगितलं: हा पक्षी जगात जिथं म्हणून लिहिला जाईल, तिथं सॉ ला पो हे नाव लिहिलं जाईल; आपण कुणीही उरलो नाही तरी.

म्या सेनचे हात सुपात थांबले. ती वडिलांकडे पाहून हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

अंकलांनी डोळे उघडले. "घरटी किती लिहिलीस?"

"अकरा," मी म्हटलं.

ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. नाल्याकाठी दोन. चर्चच्या मागं एक. जुन्या विहिरीपाशी. खाडीच्या वाटेवर तीन. एकेका घरट्याची जागा सांगत ते अकरावर आले, मग मोजणं थांबवून त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला.

"आणि वाळक्या गर्जनातलं?"

मी त्यांना समजावलं. समितीचं पत्र सांगितलं. म्हटलं, अंकल, दोन वर्षांत एक घरटं. एक मादी वादळानं वाट चुकली, बाकी सगळे पुरावे एका बाजूला आहेत. ते एक घरटं लिहिलं तर सगळा पक्षी उपजातीत जाईल, आणि उपजातीत गेला तर दक्षिणेकडचं जंगल उभं राहणार नाही. मी बराच वेळ बोलले. म्या सेनही मध्ये कारेन भाषेत काही बोलली, कळवळून. त्यांनी तिला हातानं थांबवलं नाही, पूर्ण बोलू दिलं.

मग ते माझ्याशी बोलले, हिंदीत, एकेक शब्द मोजून.

"तू शिकलेली आहेस. काय लिहायचं ते तुला कळतं. मी भांडत नाही. पण ते घरटं आपण पाहिलं. ते ज्या कागदात नाही, त्या कागदात माझं नाव घालू नकोस."

"तुमचं नाव राहावं म्हणूनच तर—"

"काढ ते," ते म्हणाले.

आवाज चढला नव्हता. थोड्या वेळानं ते उठले आणि डोंगीचं काहीतरी दुरुस्त करायला खाली गेले.

मला राग आला होता. हे सांगायला हवं, कारण नंतर मला कुणी विचारलं की मी जणू त्याच क्षणी शहाणी झाले असं बोलायची. तसं काही नव्हतं. म्हातारा हट्टी आहे, स्वतःच्या जंगलापेक्षा त्याला एका घरट्याचा हिशेब मोठा वाटतो, असं मनात घोळवतच मी उरलेली गाणी टेप केली. जायच्या दिवशी त्यांनी मला डोंगीतून बड्या टापूवर सोडलं. वाटेत भरती-ओहोटीचं बोलले, म्या सेनच्या शाळेचं बोलले. धक्क्यावर माझी पिशवी उतरवून दिली आणि नेहमीसारखं म्हणाले, नीट जा बेटी.

जहाजाचे चार दिवस मी डेकवर काढले. निबंधाची प्रत काढून त्यांच्या नावावर काट मारली. म्हटलं, नको असेल तर राहिलं, सरांच्या गुरूंचं नाव देऊ. काट मारलेला कागद वाऱ्यावर फडफडत होता. तो पाहताना मला जे कळलं ते एवढंच होतं: त्यांच्या नावाजागी दुसरं कुणाचंही घातलं तरी, त्या माणसाला हे विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, याची मला खात्री वाटत नव्हती. सरांबद्दलही नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

पुण्याला उतरले ती सामान घरी टाकून थेट सरांकडे गेले. ते पाय कोमट पाण्यात सोडून बसले होते. मी काही न बोलता माझी वही उघडून १४ मेचं पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते वाचलं. पुढचे नऊ दिवस वाचले. मग पुन्हा पहिल्या पानावर आले. पाणी थंड होऊन गेलं असेल.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"मग आता का सांगितलंस?"

"अंकलांनी त्यांचं नाव काढायला सांगितलं."

सरांनी मला टेबलावरून निबंध आणि पेन मागितलं. शीर्षकातल्या 'नवी जात' या शब्दांवर त्यांनी रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात 'नवी उपजात' लिहिलं. आयुष्यात त्यांना एकच जात सापडली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. मग पानं उलटत ते घरट्यांच्या परिच्छेदावर आले, अकराचे बारा केले, आणि समासात मला सूचना लिहिली: बाराव्याचं सविस्तर वर्णन, निरीक्षकाच्या नावासह. शेवटच्या पानावर माझी काट होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"आता ठेवता येईल त्यांचं नाव," ते म्हणाले.

निबंध ८८ सालच्या जूनमध्ये छापून आला. मी एक प्रत पाठवली. म्या सेनचं पत्र आलं, की बाबांनी बारावं घरटं तिच्याकडून जमेल तसं वाचून घेतलं आणि प्रत ट्रंकेत ठेवली. समितीनं आपलं उत्तर दोन महिन्यांत दिलं. त्यात आमच्याच निबंधातलं एक वाक्य अवतरणात घेतलं होतं. दक्षिणेकडच्या जंगलाची तोड पुढच्या हंगामात सुरू झाली.

मी तिथं पुन्हा गेले ती ९१च्या फेब्रुवारीत. जायचं धाडस त्याआधी झालं नाही. बड्या टापूच्या धक्क्यावर उभी राहून डोंगीची वाट पाहत होते तेव्हा खाडीतून ओंडक्यांचा तराफा येताना दिसला. पन्नास-साठ ओंडके दोरांनी बांधलेले, आणि ते ओढणारी जंगलखात्याची डोंगी. सुकाणूवर अंकल होते.

त्यांनी मला पाहिलं, हात वर केला. तराफा धक्क्याला लावला, दोर सोडले, कागदावर सही केली. मग माझं सामान उचलून डोंगीत ठेवलं. ओंडके लाल होते, ताज्या कापाचे. पडौकाचं लाकूड कापलं की काही दिवस तसं दिसतं.

खाडीच्या मध्यावर आल्यावर मी त्यांना विचारलं की हे काम दुसऱ्या कुणाला नाही का देता येत? ते म्हणाले, माझी नोकरी आहे, मी नाही नेले तर दुसरा नेईल, आणि त्याला ही खाडी माहीत नाही.

मग मी ते विचारलं, जे विचारायला आले होते.

"अंकल, तुम्ही नाव काढायला सांगितलंत तेव्हा हे असं होईल हे तुम्हाला कळलं होतं का?"

"कळलं होतं की. तूच तर समजावून सांगितलंस."

त्यांनी इंजिन मंद केलं. छोटा टापू समोर दिसत होता. उत्तरेला हिरवा, दक्षिणेला उघडा, खरवडल्यासारखा.

"माझा बाप इथं आला तेव्हा सरकारनं मोजणी करून ठेवली होती," ते म्हणाले. "कागदावर लिहिलं होतं, इथं माणूस नाही. रिकामा टापू. म्हणून आम्हाला दिला. बाप पहिल्या दिवशी आत शिरला, आमचं चर्च आहे ना, त्या जागी. तिथं तीन चुली होत्या. एका चुलीतली राख गरम होती."

त्यांनी सुकाणू थोडं वळवलं.

"पावलं समुद्राकडे गेली होती. बापानं चुलीवर माती लोटली आणि साहेबाला सांगितलं, बरोबर आहे, इथं कुणी नाही. त्याच्या मागे बायको होती, पोरं होती, जमीन हवी होती. वाईट माणूस नव्हता तो. पन्नास वर्षं कुणापाशी बोलला नाही. मरायला टेकला तेव्हा मला जवळ बोलावून एवढंच सांगितलं. ते कोण होते, किती होते, काय नावाचे होते, त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. कुठंच लिहिलेलं नाही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू माझ्या बापासाठी लिहिलं असतंस मग. पक्ष्यासाठी नाही."

डोंगी लागली. म्या सेन किनाऱ्यावर उभी होती. त्या मुक्कामात अंकल आणि मी उत्तरेकडच्या जंगलात आठ दिवस फिरलो, श्यामा मोजल्या. एकशे चार पाहिल्या, ऐकलेल्या वेगळ्या. चार वर्षांपूर्वी साऱ्या टापूवर मिळून याच्या दुपटीहून जास्त होत्या. संध्याकाळी ते आकडा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत आणि मान हलवत.

अंकल ९६ साली वारले. सामंतसर त्याआधीच गेले होते.

पुढची हकीकत २०१३ सालची. मी निवृत्त झाले होते. ऋजुता मोने नावाची एक तरुण संशोधक माझ्याकडे आली. तिनं दोन्ही टापूंवरच्या श्यामांचं थेंबथेंब रक्त घेऊन त्यांच्या वंशाचा माग काढला होता. पक्षी मारावा लागत नाही आता. तिनं आलेख माझ्यापुढे पसरले आणि समजावून सांगितलं की हे दोन पक्षी लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेत. मधूनच एखादी जोडी जमते, पण तेवढ्यानं काही बिघडत नाही. पक्क्या वेगळ्या जातींतही तसं घडतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. छोट्या टापूची श्यामा ही स्वतंत्र जात आहे. तुमचं ते बारावं घरटं, ती म्हणाली, त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं.

मी तिला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा तेच म्हणाली.

आणि नाव बदलायचं नसतं, हेही तिनंच आठवण करून दिलं. उपजातीची जात झाली तरी पहिलं नाव, ते देणाऱ्यांची नावं आणि साल, सगळं तसंच पुढे चालतं. तिचा निबंध छापून आला. त्यात पक्ष्याचं नाव लापोई, आणि मिश्र जोडीची पहिली नोंद म्हणून १४ मे १९८७, निरीक्षक सॉ ला पो.

तो निबंध घेऊन मी शेवटचा एकदा तो प्रवास केला. म्या सेन शाळेची मुख्याध्यापिका झाली होती, केस पांढरे झाले होते. तिनं मला ओसरीत बसवलं, चहा दिला. इंग्रजी आता तिला चांगलं येत होतं. तिनं सगळा निबंध स्वतः वाचला, हळूहळू, ओळीवर बोट ठेवत. वडिलांचं नाव आलं तिथं बोट थांबलं. मग तिनं पुढचा भागही वाचला, आणि शेवटी वर पाहिलं.

"दीदी, म्हणजे ते घरटं लिहिलं नसतं, तरी तुमचं म्हणणं खरंच ठरलं असतं?"

"हो."

"आणि दक्षिणेकडचं जंगल राहिलं असतं."

"बहुतेक राहिलं असतं."

दक्षिणेकडे आता झुडपं आणि वेत माजले होते; ओसरीतून दिसत होते. ती तिकडे पाहत राहिली. मी चहाचा पेला हातात तसाच धरून होते. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा असते," ती म्हणाली, "तर हे त्यांना सांगायला आला असता तुम्ही? की ते जंगल उगाच गेलं म्हणून?"

मी विचार केला. घाईनं उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

"आले असते," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," म्या सेन म्हणाली. तिनं निबंध दुमडला, माझ्या हातातला थंड झालेला पेला घेतला आणि दुसरा चहा टाकायला आत गेली.